मागाच्या रंगाचा टेप

गौसभाईंनी पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर टेपच्या डाव्या कोपऱ्यावर घासला, तसा वरचा करडा रंग जाऊन खालून हिरवा दिसायला लागला. आणखी घासलं तर निळा निघाला. निळ्याखाली पुन्हा हिरवा, पण जरा वेगळा, कैरीच्या सालीचा. गौसभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, ह्यो टेप हाय का घराची भिंत? किती वेळा रंग मारलाय ह्येला?"

"दर खंडेनवमीला."

"कुणी?"

"माझ्या वडिलांनी."

"का पण?"

ह्या प्रश्नाचं उत्तर स्टुलावर बसून दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, सांगेन कधीतरी. ते मान हलवत पुन्हा घासायला लागले आणि मी त्या कोपऱ्याकडं बघत राहिले. एकेक रंग पाण्याबरोबर वाहून खाली फरशीवर येत होता आणि मला त्यातला एकेक ओळखू येत होता.

गौसभाईंचं दुकान सोलापुरात, आमच्या भवानी पेठेतच आहे. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. आता पोरं जुन्या मोटरसायकलींच्या टाक्या रंगवायला आणून टाकतात, आणि मधल्या काळात गौसभाईंना जुन्या टेपांचा नाद लागलाय. भंगारातून आणायचे, उघडायचे, वाजते करायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल तसे रंगवून द्यायचे. त्यांच्या फळीवर एक काळाकुळकुळीत टेप होता, त्याच्यावर ज्वाळा काढलेल्या. दुसऱ्यावर मोर. तिसऱ्यावर कुणाच्या तरी बायकोचं नाव, एवढं वळणदार की वाचायला मान वाकडी करावी लागली.

"तुमच्या टेपला म्याट ब्लॅक मारू," ते म्हणाले. "कडंनं सोनेरी पट्टी. लई उठून दिसंल बघा."

"नको. आला होता तसा करा. चांदीचा रंग आणि डायलखाली लाल रेघ."

"त्यात काय मजा न्हाई की. असले लई फिरत्यात बाजारात."

"मजेसाठी नाही, गौसभाई. ज्यांचा आहे त्यांना परत द्यायचाय."

त्यांचा हात थांबला. "म्हंजे तुमचा न्हवं ह्यो?"

"नाही. आमच्या घरी फक्त राहिला."

ह्या 'फक्त राहिला'वर माझ्या अम्माचं अर्धं आयुष्य गेलं.

टेप खालाचा. खाला म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. तिचा मुलगा युसूफभाई आखातात कामाला गेला होता, तो पहिल्या सुट्टीला येताना घेऊन आला. दोन कॅसेटी बसणारा, दोन्ही बाजूंना मोठे गोल स्पीकर, वर धरायला मूठ. थर्मोकोलमधून तो बाहेर काढला तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं खालाच्या दारात होती. नव्या प्लॅस्टिकचा जो वास येतो ना, तो मला तेव्हा परदेशाचा वास वाटला होता. पुढं कितीतरी वर्षं कुणी परदेशाचं नाव काढलं की माझ्या नाकात तोच वास यायचा.

पण खालाच्या घरी टेप लावायची सोयच नव्हती. तिचे मालक गिरणीत कायम रात्रपाळीला. दिवसभर ते झोपलेले. भिंतीपलीकडच्या मागांची त्यांना सवय झाली होती, पण घरात काही वाजलं की जाग यायची, म्हणून त्यांच्या घरात भांडंसुद्धा फडक्यावर ठेवायचे. आमचं घर म्हणजे ह्याच्या बरोबर उलट. पुढच्या खोलीत नान्नांचे माग. नान्ना म्हणजे माझे वडील. आम्ही तेलुगू बोलणारी विणकर माणसं. मागांची खटक-खटक सकाळी सुरू झाली की दिवेलागणीपर्यंत थांबायची नाही. तिथं टेप कितीही मोठा केला तरी कुणाची झोप मोडणार? एका दुपारी खालानं टेप चादरीत गुंडाळून आणला आणि आमच्या मधल्या खोलीतल्या फळीवर ठेवून दिला.

"अक्का, हितंच राहू दे. माझ्या घरात ह्येचा जीव घुसमटतोय," ती अम्माला म्हणाली.

ती तशीही रोज यायचीच. दोघी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. गल्लीतल्या आणखी बायका आपापली सुपं घेऊन यायच्या आणि मधली खोली भरून जायची. नवीन माणूस दारात आलं की तंबाखूच्या ठसक्यानं आधी शिंकायचं, मग बोलायचं. आम्ही पोरं मात्र त्या वासातच वाढलो. ओली पानं, तंबाखू, सुताची खळ आणि मागाचं तेल. ह्या सगळ्याचा मिळून जो एक वास होता, त्याला काय म्हणायचं ते मला आजवर कळलेलं नाही. घर म्हणायचं, एवढंच.

विडी वळणाऱ्या हातांना ताल लागतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पान कापलं, तंबाखू भरला, बोटं फिरली, दोरा बसला. गाणं उडतं असेल तर हात त्याच्याबरोबर पळतात, रेंगाळतं असेल तर रेंगाळतात. म्हणून कोणती कॅसेट कधी लावायची हे खाला ठरवायची, आणि त्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही. सकाळी पळणारी गाणी. जेवणानंतर, सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड असताना, अम्माच्या तेलुगू कॅसेटी. आणि दुपार कलली, विड्या कारखान्यात नेऊन द्यायची वेळ जवळ आली की कव्वाली. कव्वाली चढत जायची तसे हात चढत जायचे आणि शेवटच्या टाळ्यांना सगळ्यांची सुपं रिकामी व्हायची. खालाला तेलुगू कळत नसे, पण तिची त्यातली कितीतरी गाणी पाठ होती. अम्माला उर्दू कळत नसे, पण भाकरी थापताना ती कव्वाली गुणगुणायची आणि मधेच कुठल्या तरी शब्दाला असा काही झोक द्यायची की खाला तोंडाला पदर लावून हसायची.

गड्ड्याच्या जत्रेत गेलो की बांगड्यांच्या आधी कॅसेटी घेतल्या जायच्या. कोणती घ्यायची ह्यावरून दोघी स्टॉलपुढं एवढं भांडायच्या की स्टॉलवाला दोन्ही लावून दाखवायचा.

आता खंडेनवमीचं सांगते. विणकरांच्या घरात तो मागांचा सण. आदल्या दिवशी माग बंद. घर एकदम गप्प झालं की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. शेजारच्या गल्लीतल्या कुकरची शिट्टी ऐकू यायची आणि आपण कुठल्या तरी वेगळ्याच गावात आहोत असं वाटायचं. नान्ना मागांना रॉकेलनं पुसायचे, कापसाची लव ब्रशनं झाडायचे, लोखंडाला हिरवा ऑइलपेंट द्यायचे आणि जिथं जिथं काही फिरतं तिथं तिथं तेल सोडायचे. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. माणूस अबोल होता. बायकापोरांना गोड बोलल्याचं मला आठवत नाही, पण मागाला तेल देताना त्यांचा चेहरा बघावा. त्यांच्या लेखी घरात जे जे चालतं ते मशीन, आणि मशीनला सणाला रंग, तेल आणि फूल मिळालंच पाहिजे.

टेप येऊन वर्ष झालं असेल. तंबाखूच्या बोटांनी त्याची चांदी बटणांपाशी काळपट झाली होती. अम्मा बतुकम्माची, म्हणजे आमच्या तेलुगू बायकांच्या नवरात्रातल्या सणाची, फुलं आणायला गेली होती. त्या मोकळ्या वेळात नान्नांनी टेप फळीवरून उतरवला, मांडीवर घेतला आणि हिरवा रंगवून टाकला. स्पीकरच्या जाळ्यांसकट. डायलची काच तेवढी जपून सोडली होती. नंतर कॅसेटचं दार उघडून, मागाला सोडायचे तसं, आत तेल सोडलं. अगदी मनापासून, हात न आखडता. फूलही वाहिलं.

अम्मा आली, टोपली खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. "मनदि कादु!" ती ओरडली. आपलं नव्हे ते!

नान्ना ब्रश पुसत होते. त्यांना समजेचना काय बिघडलं. "आपल्या घरात चालतंय की," ते म्हणाले. "मग?"

तेवढ्यात खाला आली. तिनं टेप बघितला. बराच वेळ बघितला. एक बोट लावलं, बोटाला लागलेला हिरवा रंग चौकटीला पुसला. "वाळू दे," एवढंच म्हणाली आणि घरी निघून गेली. त्या दिवशी विड्याही नव्हत्या, त्यामुळं ती परत आली नाही. आणि हे 'वाळू दे' अम्माच्या मनात जे जाऊन बसलं ते बसलंच.

दसरा झाल्यावर टेप लावला तर गाणं कूस बदलल्यासारखं हळूहळू उठलं आणि तसंच चालत राहिलं. आतल्या पट्ट्याला तेल लागलं होतं, तो घसरत होता. गाणारी बाई बाप्यासारखी वाटायला लागली आणि बाप्या विहिरीतून बोलल्यासारखा.

"अक्का, गाणं म्हातारं झालं की गे," खाला म्हणाली.

बायका हसून हसून आडव्या झाल्या. पण संध्याकाळी बघितलं तर सगळ्यांच्या विड्या रोजच्यापेक्षा कमी भरल्या होत्या. पुढं कित्येक दिवस गाणं हळू आणि हात जलद ठेवायची सगळ्यांची खटपट चालली होती. उघडून दुरुस्त करायला द्यावा तर होता तेवढाही आवाज जाईल, ही भीती. मग सवय झाली. मी तर त्याच गाण्यांवर मोठी झाले. एकदा एका लग्नात लाऊडस्पीकरवर आमच्यातलं एक गाणं लागलं, तेव्हा मला वाटलं ह्या गाणाऱ्या बाईला कुठं तरी जायची घाई झालीय.

आणि एकदा रंग दिला म्हटल्यावर नान्नांनी तो दर वर्षी दिला. टवके उडालेले त्यांना बघवत नसत. एका वर्षी हिरवा मिळाला नाही, तर माग निळे झाले आणि टेपही निळा झाला. त्या वर्षीची बतुकम्मा मला सगळ्यात जास्त आठवते. गल्लीत मधोमध फुलांचे ढीग, भोवती टाळ्या वाजवत फिरणाऱ्या बायका आणि पायरीवर निळा टेप. हळू चालणाऱ्या गाण्याचा एक फायदा त्या दिवशी कळला. म्हाताऱ्या बाया, ज्या एरवी दोन फेऱ्यांत दमून बसायच्या, त्या शेवटपर्यंत फेर धरून होत्या. खाला टेपशेजारी बसून टाळ्या देत होती आणि नवी नऊवारी नेसलेली माझी अम्मा तिच्यासमोरून जाताना दर वेळी तिच्या डोक्यावर एक फूल टाकत होती. मी तेव्हा लहान होते, मला वाटायचं प्रत्येकाच्या गल्लीत असंच असतं. आता ह्या गोष्टींसाठी कुणाचे आभार मानायचे ते कळत नाही, पण मानावेसे फार वाटतात.

मग गिरणी बंद पडली. युसूफभाई आखातातून कायमचे परत आले आणि त्यांनी टेंभुर्णीला हायवेवर ट्रकचं गॅरेज टाकलं. एका सकाळी खालाच्या दारात ट्रक उभा राहिला. भांडी चढली, पेटी चढली, कोंबड्यांचं खुराडं चढलं. अम्मानं टेप ओल्या फडक्यानं पुसून, ज्या चादरीत आला होता तसल्याच चादरीत गुंडाळून ट्रकपाशी नेला. खालानं चादरीवरून हात फिरवला.

"राहू दे, अक्का," ती म्हणाली आणि वर चढून बसली.

ट्रक गेला. अम्मा टेप कवटाळून रस्त्यात उभी.

तिनं त्याचा एकच अर्थ लावला: खालाच्या नव्याकोऱ्या वस्तूची आपण वाट लावली, म्हणून ती टाकून गेली. नान्नांनी समजावलं, मी समजावलं, काही उपयोग झाला नाही. रंग काढायचा, होता तसा करायचा आणि स्वतः नेऊन द्यायचा, असं तिनं ठरवून टाकलं. एकदा तिनं कसलं तरी औषध लावून रंग काढायला घेतला, तर खालचं प्लॅस्टिकच चिघळलं. घाबरून तिनं तेवढ्यावरच सोडलं. खालाकडची लग्नं झाली, बारशी झाली. अम्मा नान्नांना पाठवायची, स्वतः जायची नाही. "असा टेप घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ? आणि न घेता तरी कशी जाऊ?" नान्ना मिठाईचा पुडा घेऊन परत यायचे आणि सांगायचे, "विचारत होती तुला." घराघरात फोन आल्यावर दोघी फोनवर बोलायच्या. दुखणी, नातवंडं, पाऊसपाणी, सगळं बोलायच्या. टेपचं नाव मात्र दोघींपैकी एकीनंही काढलं नाही.

मधे कधीतरी टेप वाजायचा थांबला. शेवटचा करडा हात नान्नांनी खिडकीच्या गजांचा उरलेला रंग संपवायला म्हणून दिला. मग नान्ना गेले. माग भंगारात गेले. त्या जागी मी शिलाईच्या मशिनी टाकल्या. टॉवेल-नॅपकिनच्या कडा शिवून द्यायचं काम करते. घर अजूनही गडबडीचंच आहे, फक्त आवाज बारीक झालाय. गेल्या हिवाळ्यात अम्मा गेली. जाण्याआधी तिनं दागिन्यांचं काही सांगितलं नाही, घराचं काही सांगितलं नाही. फळीकडं बोट करून म्हणाली, "खालाचा आहे. रंग काढ. देऊन ये."

आणि मध्यंतरी युसूफभाईंचा फोन आला. "अम्मी लई थकलीय. हाय तवर येऊन जा बेटा." म्हणून मी गौसभाईंच्या मागं लागले होते.

घाई केली की गौसभाई भडकायचे. "रंगाला वाळायला येळ पायजे. घाई केली तर फोड येत्यात. मग म्हनू नका गौसनं बिघडवलं." एवढं एक बरं की सोलापूरचा एप्रिल होता. दुकानाबाहेर टाकलेलं काहीही तासाभरात खडखडीत व्हायचं, आम्ही माणसंसुद्धा.

सगळे रंग निघून खालचं प्लॅस्टिक लागलं त्या दिवशी त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत कापसाची लव दाटून बसलेली, उशी फाटावी तशी. आणि तिच्यातून तंबाखूचा वास आला. इतक्या वर्षांनी, तोच ठसका. गौसभाई शिंकले, मी शिंकले, मग मला हसू आलं आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. मधली खोली त्या डब्यात बंद होऊन राहिली होती. मी त्यांना थोडा वेळ झाडू दिलं नाही.

"आन हितं तेल कुणी वतलंय?" ते आत डोकावत म्हणाले.

"वडिलांनीच."

"लई मायाळू मानूस हुता म्हनायचा. पार न्हाऊ घातलंय की टेपला."

त्यांनी पट्टे बदलले, पुसायचं ते पुसलं. मी खालाची आवडती कव्वालीची कॅसेट डब्यातून आणली होती. ती लावली आणि मी दचकलेच. गाणं पळत होतं. गाणाऱ्याचा आवाज बारीक, तरणाताठा. मला ते गाणं परकं वाटलं, खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

"बराबर स्पीड हाय ह्यो," गौसभाई म्हणाले. "कान चुकलेत तुमचे."

असतील. पण तसेच चुकलेले बरे होते असं मला तेव्हा वाटलं.

प्रायमर झाला, चांदीचा रंग झाला, लाल रेघ झाली. रेघ त्यांनी हातानं ओढली, पाट्या रंगवणाऱ्याचा हात तो, जरासुद्धा हलला नाही. वरून चकाकीचा हात दिला. टेप थेट थर्मोकोलमधून काढला होता तसा दिसायला लागला. गौसभाई स्वतःच मागं सरकून बघत राहिले. "ज्वाळा न्हाईत, पन बरा दिसतोय," म्हणाले. मी मनात म्हटलं, अम्मा, झालं गं तुझं काम. आता फक्त खालानं घेतला पाहिजे. कारण तीच जर 'राहू दे' म्हणाली तर मी अम्माला काय सांगणार होते?

एसटीत टेप मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, वाजतो का?" मी म्हटलं, वाजतो. "मग लावा की," म्हणाला. मी लावला नाही. मोहोळ गेलं, ऊस दिसायला लागला, आणि मी सबंध रस्ताभर खालाला काय बोलायचं ते जुळवत होते.

गॅरेजपुढं ट्रक उभे होते. युसूफभाईंची दाढी पांढरी झालेली. त्यांनी मला मागं नेलं. लिंबाखाली बाज, बाजेवर खाला. एवढीशी झालेली.

"कोन गे?"

"मी. अक्काची मुलगी."

तिनं माझा हात धरून मला खाली ओढलं, गालावरून बोटं फिरवली. "अक्काच झालीस की पार. लई वाळलीस पन." मग ती अम्मासाठी रडली, मीही रडले. युसूफभाईंनी चहा आणला तोपर्यंत दोघी शांत झालो होतो.

मी चादर सोडली आणि टेप तिच्यापुढं ठेवला. तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"ह्यो कुनाचा?"

"तुमचा, खाला. होता तसा करून आणलाय."

"माझा? नक्को बाई. माझा हिरवा हुता."

माझं जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठं गेलं. मी तिला जसं येईल तसं सांगितलं. अम्माला काय वाटायचं ते, 'वाळू दे'चं, 'राहू दे'चं, जाताना तिनं काय सांगितलं ते. "रंगामुळं तुम्ही रागावला असं तिला वाटायचं. शेवटपर्यंत."

"रागावले? मी?" खाला उठून बसायला लागली, युसूफभाईंनी पाठीला हात दिला. "अगे, तुझ्या बापानं मागाला देतो त्यो रंग माझ्या टेपला दिला. घरचं मानल्याबिगर कोन देतं का? मला बोलायलाच येईना. घरी पळाले आन मालकाला झोपंतून उठवलं सांगाया. मला शिव्या घातल्या त्येंनी. मग त्येबी हसाया लागले."

त्या घरात दिवसा कुणी कुणाला उठवलं होतं, ह्याच्यावर माझा विश्वास बसेना.

"मग नेला का नाहीत, खाला?"

 टेपच्या लाल रेघेवरून तिचं बोट इकडून तिकडं फिरत होतं.

"नेला असता तर अक्का कशाला आली असती टेंभुर्नीला? म्हटलं, टेप द्यायाला तरी यील. वाट बघितली मी. लई बघितली."

"ती रंग काढल्याशिवाय येणार नव्हती."

"हौ," खाला म्हणाली. "आन मी रंगाकडं बगनार नव्हते."

 दोघी एकमेकींची वाट बघत राहिल्या आणि मधे सोलापूर ते टेंभुर्णी एवढाच रस्ता होता. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण त्या लिंबाखाली बसून मला त्याहून जास्त वाटलं ते हे, की एवढी वाट बघणारं माणूस माझ्या आईला मिळालं होतं. अम्मा चुकीच्या काळजीत गेली, पण प्रेमात कमी पडून गेली नाही, आणि हे मला सांगायला खाला अजून होती.

मग टेप लावला. कव्वाली सुरू झाली. खालानं कान दिला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"येवढं पळतंय कशाला? कोन मागं लागलंय का त्येच्या?"

आम्ही हसायला लागलो ते थांबेनाच. गॅरेजमधली माणसं काम सोडून बघायला आली. खालानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, टाळ्यांच्या जागी टाळ्या दिल्या, पण आपल्या हिशोबानं, हळू. गाणं संपलं तरी तिच्या दोन टाळ्या उरल्या होत्या.

निघताना मी टेप तिच्या उशाशी ठेवला. म्हटलं, "खाला, येते. अम्माचं काम झालं."

"उचल ते," ती म्हणाली.

मी टेपची मूठ धरली. तेच झालं, ज्याची भीती होती. तिनं हात लांबवून बटण दाबलं, कॅसेटचं दार उघडलं. कॅसेट बाहेर काढली आणि स्वतःच्या उशीखाली सरकवून दिली.

"ही हितं राहील. टेप तितं राहील. आता बग कशी येत न्हाईस ती."

टेप आता आमच्याकडंच आहे, शिलाईच्या मशिनींशेजारी, चांदीसारखा लखलखीत आणि आतून रिकामा. खालाला हिरवाच आवडायचा, हे गौसभाईंना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी ऑर्डरीच्या गडबडीत असताना युसूफभाईंचा फोन आला. "अम्मी इचारतीय," ते म्हणाले, "गाणं ऐकायला कवा येनार म्हनून."

मी हातातला टॉवेल तसाच मशीनखाली सोडला, टेप चादरीत गुंडाळला आणि स्टँडवर गेले.